मधल्या सुट्टीनंतर

किन्हवलीहून येणारी बस फाट्यावर थांबली. आधी एका म्हातारीच्या भाजीच्या रिकाम्या पाट्या खाली आल्या, मग म्हातारी आली, मग निळे स्कर्ट सावरत शाळेच्या दोन मुली उतरल्या आणि कंडक्टरनं दोरी ओढून घंटा वाजवली. अनिता कोंडूच्या टपरीआड उभी होती. आज कधी नव्हे ती कामावरून लवकर सुटली होती. दर्शना बसमधून उतरली की मागून जाऊन तिचे डोळे झाकायचे असं तिनं लहान पोरीसारखं मनाशी ठरवलं होतं. ती हसतच पुढं झाली. बस धूर सोडून शहापूरकडे निघून गेली, धूर विरला, त्या दोनच मुली रस्त्यावर राहिल्या. तरी अनिताच्या तोंडावरचं हसू तसंच होतं. ते आता कुठं न्यायचं हे तिला कळेना.

"दर्शना कुठाय गो?"

खालच्या आळीतल्या स्नेहलनं आधी बरोबरच्या बहिणीकडं बघितलं. "ती घरी नाय आली का काकी?"

"मी आत्ता कामावरून येतेय. तुमच्याबरोबर नव्हती?"

"मधल्या सुट्टीनंतर ती वर्गात नव्हती. दप्तर पण नव्हता. आमाला वाटला, घरी गेली असल."

अनितानं मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं. मग ती म्हणाली, "बरं. घरी कुणाला काय बोलू नका गो. मी बघते." मुली मान डोलावून पायवाटेला लागल्या. त्या वळणाआड गेल्यावर अनिताला आपलेच शब्द नीट ऐकू आले. पोरगी दुपारपासून नाही, आणि आपल्या तोंडून पहिलं काय निघालं, तर कुणाला सांगू नका.  हाक मारावी, मुलींना परत बोलवावं, म्हणावं धावत जा आणि खळ्यावरनं दर्शनाच्या बापाला घेऊन या. पण तोंड उघडलं नाही. सांगितलं की संपलं, हे तिला आतून पक्कं माहीत होतं. मुलगी सापडेल, आणि शाळा जाईल. आणि नाही सांगितलं, तर? ते तर तिला पुरं मनातसुद्धा म्हणता येईना.

गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला किन्हवली. दर्शना सातवी पास झाली तेव्हा अनिताच्या सासूनं, जनाबाईनं, काही वाईट शब्द काढला नव्हता. ती एवढंच म्हणाली होती की पोर शिकली तेवढी बास, आता एसटीत कुठं धक्के खात जायचं तिनं. अनितानं ऐकलं नाही. पंधरा दिवस ती घरात त्या एकाच गोष्टीवर बोलत राहिली, भाकरी थापताना, पाणी शेंदताना, अंथरूण घालताना. शेवटी नवरा, बाळाराम, बैलांपुढं पेंढा टाकता टाकता म्हणाला, "तुला पाठवायची तर पाठव. पण उद्या काय इकडंतिकडं झाला, तर मला सांगायला येऊ नको." तो रागावला नव्हता. रागावला असता तर ते वाक्य रागाबरोबर निघून गेलं असतं. पण तो शांतपणे बोलला, आणि ते वाक्य जूनपासून अनिताच्या पोटात तसंच पडून होतं. रोज सकाळी मायलेकी एकत्र फाट्यावर यायच्या. एकीची गाडी किन्हवलीकडची, दुसरीची शहापूरकडची, म्हणून डांबरी ओलांडून समोरासमोर उभ्या राहायच्या. पोरीची गाडी आधी आली तर अनिताला बरं वाटायचं. आपली आधी आली तर जीपमध्ये बसल्यावर ती मागच्या काचेतून बघत राहायची, आणि दर्शनाचा पांढरा शर्ट बारीक होत होत झाडांत गेला की पोटातलं ते वाक्य जरासं कूस बदलायचं.

आटगावच्या ज्या कंपनीत ती होती, तिथं सलाईनच्या बाटल्या भरायचे. अनिताचं काम बघण्याचं. बाटली हातात घ्यायची, उलटी करायची, दिव्यापुढं धरायची. आधी काळ्या फळीसमोर, मग पांढऱ्या. पाण्यात कुठं केस, कुठं काचेचा कण, कुठं धाग्याचं टोक दिसलं तर बाजूला ठेवायची. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं शिक्षण विचारलं होतं आणि ती सातवी म्हणाली होती. आठवी अर्धी झाली होती, पण अर्धं काय सांगायचं? सातवी म्हटल्यावर तिला दिव्यापुढं बसवलं. तिच्याबरोबर त्याच दिवशी आलेल्या बाईला, जिनं नुसती मान हलवली होती, बाटल्या धुवायला पाठवलं. त्या बाईचे हात वर्षभरात सोलवटले. अनितानं ते हात बघितले होते, आणि दर्शनाला किन्हवलीला पाठवायचं ते तिनं कुठल्या भाषणातून नव्हे, त्या हातांवरून ठरवलं होतं. मात्र दिवसभर स्वच्छ पाण्यात कचरा शोधून शोधून तिच्या डोळ्यांना एक खोड लागली होती. काही चांगलं घडलं की ते उलटं करून उजेडात धरायचं, कण कुठं आहे ते बघायचं. आज दुपारी कंपनीतली लाईट गेली, जनरेटर चालू होईना, दिव्याशिवाय बाटल्या कशा बघणार, म्हणून बायांना सोडून दिलं. तेव्हा पहिल्यांदाच तिनं काही शोधलं नव्हतं. नुसती खूश झाली होती. मधली सुट्टी, म्हणजे आपण त्या वेळी डबा खात होतो. कामावर शेजारी बसणाऱ्या भिमीनं सुकटीची चटणी आणली होती, आपण बोटं चाटत हसत होतो. पोर त्याच वेळी दप्तर उचलून वर्गातून निघाली, आणि आपल्या अंगात काहीसुद्धा हललं नाही. आईला कळतं म्हणतात. कुठं कळलं?

"कोणाची वाट बघतेस वयनी?" कोंडूनं टपरीतून विचारलं. तो काचेच्या बरण्या फडक्यानं पुसत होता.

"दर्शनाची. पुढच्या गाडीनं येणार हाय. जादा तास हाय शाळेत."

"पुढची गाडी म्हंजे काळोख व्हायचा."

"हो ना."

खोटं बोलताना तिचा आवाज इतका साधा निघाला की तिला स्वतःचीच भीती वाटली. ती टपरीपासून जरा लांब, करंजाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शेतं पिवळी, ओकीबोकी पडली होती. कुठल्यातरी खळ्यावर झोडणी चालली होती, पेंढ्या फळीवर आपटल्याचा धप् धप् आवाज येत होता. तो आपल्याच खळ्यावरचा असेल. बाळाराम तिथं असेल, सासू धान्य पाखडत असेल, धाकटा प्रणित पेंढ्याच्या ढिगावर उड्या मारत असेल. त्यांच्यापैकी कुणालाही अजून काही ठाऊक नाही. त्यांच्यासाठी दर्शना अजून शाळेत आहे. एवढ्या थोड्या अंतरावर एक संध्याकाळ नेहमीसारखी चालली होती, आणि इथं, करंजाखाली, ती मोडली होती.

ती दर्शनाला आठवायला लागली. आजची नव्हे, गेल्या काही दिवसांतली. कण कुठं होता? पोर गप्प असायची, पण ती पहिल्यापासूनच गप्प. सकाळी उठून विहिरीवरून दोन हंडे आणायची, प्रणितला आंघोळ घालून त्याचा भांग पाडायची, शाळेतून आल्यावर चूल पेटवून भात टाकायची. अनिता कामाला जायला लागली तेव्हापासून घरातलं अनिताचं अर्धं काम न सांगता तिच्या अंगावर आलं होतं. भात शिजेपर्यंत ती चुलीच्या उजेडात पुस्तक धरायची. सातवीपर्यंत अनिता शेजारी बसायची, बोटानं ओळ दाखवायची, अपूर्णांक समजावून द्यायची. सासू कौतुकानं बघायची की आई मास्तरीण आहे. आठवीत गणितात अक्षरं आली. क्ष ची किंमत काढा. अनितानं पुस्तक हातात घेतलं, पान दिव्याशी धरलं. दर्शना तिच्या तोंडाकडं बघत होती. क्ष तिनंही कधीतरी फळ्यावर बघितला होता. त्याची किंमत मात्र कुणीतरी काढायच्या आधीच ती तिथून निघाली होती. "उद्या सरांना विचार," ती म्हणाली, आणि भाकरी उलटायला वळली. त्यानंतर पोरीनं तिला विचारणं सोडलं. तेव्हापासून दर्शना चुलीपुढं बसलेली असायची, पण कुठंतरी पुढं गेलेली असायची, जिथला रस्ता अनिताला माहीत नव्हता. तिथं काय असतं, कोण भेटतं, आई कुठल्या वळणावर काय सांगणार?

एखादा मुलगा असेल. हा विचार आला आणि ती चपापली. मग तिच्या लक्षात आलं की त्या विचारानं आपल्याला बरं वाटलं. मुलगा असेल, सिनेमाला गेली असेल, माळशेजच्या बाजूला फिरायला गेली असेल. म्हणजे निदान कुठंतरी असेल. त्याच्या मागून दुसरे विचार आले, आणि ते असे सावकाश आले नाहीत. रस्त्याकडेच्या खडीच्या खाणीत साचलेलं हिरवं पाणी. मागं बसायला फळी टाकलेली जीप, आत चार पुरुष आणि एक पोर. नदीच्या पुलाखालची ती जागा, जिथं जाताना बायका बोलणं थांबवतात. प्रत्येक चित्र ती बघायची, बाजूला ठेवायची, पुढचं हातात यायचं.  पोलिसांत जायचं तर किन्हवलीला की शहापूरला? काय घातलं होतं सांगा, म्हणतील. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट. सगळ्याच पोरींनी तेच घातलेलं असतं.

सूर्य डोंगरामागं गेला. किन्हवलीची पुढची बस दिवे लावून आली. तिनं हात केला नाही, तरी ती वळणावर मंदावली. आतल्या पिवळ्या उजेडातली तोंडं एकामागून एक तिच्यासमोरून सरकली, आणि त्यांतलं एकही तोंड ते नव्हतं. कुणी उतरायचं नव्हतं. बस न थांबता गेली.

आता मात्र तिच्या पायांनी तिला विचारलं नाही. ती गावाच्या वाटेला लागली होती, जवळजवळ पळत होती. सांगायला हवं होतं, त्याच वेळी सांगायला हवं होतं. उजेड होता तोवर माणसं चारी बाजूंना गेली असती. आपण शाळा वाचवत बसलो. कुणासाठी? पोरगीच नसेल तर शाळा कुणासाठी? बाळाराम विचारेल, कधी कळलं तुला? आणि तिला वेळ सांगावी लागेल.  तेवढ्यात मागं डांबरीवर ब्रेकचा आवाज झाला. किन्हवलीकडून नव्हे, शहापूरकडून आलेली गाडी थांबली होती. संध्याकाळभर तिनं त्या बाजूला एकदाही बघितलं नव्हतं. तिकडून दर्शना यायचं काही कारणच नव्हतं.

गाडीतून एक मुलगी उतरली. पिवळा पंजाबी ड्रेस, बाह्या मनगटाच्या खाली लोंबणाऱ्या, खांद्यावर शाळेचं दप्तर, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ती चालायला लागली, आणि त्या चालीवरून अनिताला कळलं. पुढच्याच क्षणी तिला कळलं की ते कपडे दर्शनाचे नाहीत. वेणीसुद्धा तिची नाही. सकाळी अनितानं घातलेल्या दोन वेण्या सोडून कुणीतरी दुसऱ्या हातांनी एकच, सैल वेणी घातली होती.

मुलगी सापडल्याचा आनंद झाला असेल, पण तो तिला जाणवला नाही. ती धावत गेली आणि तिनं दर्शनाचा दंड धरला. "कपडे कुठायत तुझे? हे कुणी दिले? कोण होता बरोबर? बोल गो, कोण होता?" दर्शना काही बोलायच्या आत तिनं तिच्या तोंडात मारली. टपरीतून कोंडू उठून बघायला लागला. अनितानं पोरीला ओढत करंजाआड नेलं. मुलगी रडत नव्हती. तिनं ते वर्तमानपत्राचं पुडकं पोटाशी घट्ट धरलं होतं, ओठ दाताखाली धरले होते, आणि ती आईच्या पायांकडं बघत म्हणाली, "मी उद्यापासून शाळेत नाय जात."

ते शब्द ऐकले आणि अनिताच्या अंगातून काहीतरी सैल होऊन खाली उतरलं. ऊन पाण्यात पाय सोडावेत तसं. उद्यापासून फाट्यावर यायचं नाही. मागच्या काचेतून बघायचं नाही. बाळारामला काही सांगायला नको, सासूशी भांडायला नको. पोर घरात राहील, नजरेसमोर राहील, आणि तिनं स्वतःच सांगितलं, कुणी तिला काढली नाही. एवढं सगळं एका श्वासात तिच्या मनातून गेलं. आणि मग त्या सुखाचीच तिला अशी भीती वाटली की तशी खाणीतल्या पाण्याचीसुद्धा वाटली नव्हती. कारण हे सुख तिनं पूर्वी बघितलं होतं. दुसऱ्या एका बाईच्या तोंडावर.

तिचं माहेर मुरबाडकडचं. आठवीची शाळा शेजारच्या गावात, मधे ओढा आणि रानाचा तुकडा. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच होती, आणि रानात एक माणूस तिच्या मागं चालायला लागला. तो काही बोलला नाही. ती भरभर चालली की तो भरभर, ती थांबली की तो थांबायचा. पानांवर त्याच्या वहाणांचा आवाज. गावाची पहिली घरं दिसली तेव्हा तो मागच्या मागं वळला. एवढंच. हात लागला नाही, शब्द झाला नाही. सांगायला म्हणून काही घडलंच नव्हतं. घरी आई, गिरजा, ओट्यावर तांदूळ पाखडत होती. दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर कापणी करून आली होती, केसांत कुसळं होती. अनिता दारात उभी राहून म्हणाली, "आई, मी उद्यापासून शाळेत नाय जात." सूप थांबलं. आईनं वर बघितलं. त्या थकल्या तोंडावर क्षणभर काहीतरी ऊबदार, मोकळं असं पसरलं, आणि मग सूप पुन्हा हलायला लागलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी नाही, कधीच नाही. सकाळी तिनं अनिताच्या हातात विळा दिला. पुढं सगळे म्हणायचे, अनितानं शाळा सोडली, तिला गोडी नव्हती. लग्नानंतर एकदा माहेरी गेलेली असताना अनितानं आईला विचारलं, तेव्हा गिरजा सरळपणे म्हणाली, "तूच बोललीस ना गो तशी." ती खोटं बोलत नव्हती. तिला शाळा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. पोर रानातनं रोज सुखरूप येते का, एवढंच माहीत होतं. तिनं पोरीला वाचवलं होतं. एका शब्दाची वाट बघत अनिता किती दिवस त्या ओट्यावर घुटमळली होती, हे तिला कुणी सांगायचं?

"का?" अनिता म्हणाली. शब्द फाटका निघाला. ती पुन्हा म्हणाली, "का नाय जायचं? काय झालं ते मला सांग."

दर्शनानं वर बघितलं. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि सगळं एकदम बाहेर आलं, रडण्यात शब्द अडकत. मधल्या सुट्टीत ती बाकावरून उठली तर स्कर्टला मागं रक्त होतं. मुलं बघत होती. वर्गशिक्षक सर, त्यांना काय सांगणार? तिला वाटलं, पोटात काहीतरी फुटलं. पावसाळ्यात वरच्या पाड्यातली एक बाई बाळंतपणात गेली, तेव्हा बायका ओट्यावर बसून बोलत होत्या की रक्त थांबलंच नाही, म्हणून गेली. ते तिनं ऐकलं होतं. "मला वाटला, मी मरणार आता. म्हणून दप्तर मागं धरून निघाले. म्हटलं, तुला भेटते."

"म्हणून आटगावला आलीस? एकटी?"

"घरी तू नसतेस ना."

ती कंपनीच्या गेटवर पोचली तेव्हा वॉचमन म्हणाला, लाईट गेली, बाया मघाशीच सुटल्या. मग ती भिंतीला टेकून बसली. आणखी कुठं जायचं ते तिला सुचेना. कंपनीमागच्या चाळीत राहणारी भिमी पाण्याला निघाली होती, तिनं ओळखलं. भिमीनं तिला घरी नेलं, आपल्या पोरीचा ड्रेस दिला, शाळेचे कपडे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, कापड कसं घ्यायचं ते दाखवलं, चहात बुडवून पाव खायला घातला, आणि शहापूरपर्यंत येऊन तिला गाडीत बसवून दिलं. "भिमीमावशी बोलली, हे सगळ्यांना होतं. दर महिन्याला होतं. तुझ्या आईला पण होतं, बोलली." दर्शनानं बाहीनं नाक पुसलं. "तुला पण होतं आई?"

"हो."

"मग तू सांगितला का नाय?"

अनिताला सांगता येण्यासारखं बरंच होतं. दिवाळीत सांगणार होते; एखाद्या रविवारी, विहिरीवर दोघीच असताना; तू अजून लहान वाटत होतीस. पण दर रविवारी धुणं निघायचं, सारवण निघायचं. सातवी शिकलेली आई आणि काही न शिकलेली आई, दोघींनीही ते सांगितलं नव्हतं. ते सांगणं शेवटी भिमीच्या वाट्याला गेलं.  अनितानं पोरीच्या गालावर, जिथं मारलं होतं तिथं, हात ठेवला. गाल गरम होता. तिनं तो हात बराच वेळ काढला नाही.

"पोरं हसतील," दर्शना म्हणाली.

"हसतील."

"मग?"

"मग उद्या मी येते तुझ्याबरोबर. शाळेपर्यंत. बाईंना सगळं सांगते. पण जायचं."

घरी जनाबाईनं पिवळा ड्रेस बघितला, पोरीचं तोंड बघितलं, आणि तिला एक शब्दही विचारावा लागला नाही. "अगो, मोठी झाली पोर," ती म्हणाली, आणि चुलीवर पाणी ठेवलं, गुळाचा खडा फोडून नातीच्या हातात दिला. तिच्या हातांत माया होती. त्याच मायेनं ती पुढं म्हणाली, "आता बसू दे तिला घरात. आता नको ती एसटी नि फिएसटी."

बाळाराम खळ्यावरून येऊन ओट्यावर बसला होता, अंगाला भाताची कुसळं लागलेली. अनितानं त्याला सगळं सांगितलं. दर्शना आटगावला एकटी गेली होती हे सांगितलं, आणि फाट्यावर आपल्याला केव्हा कळलं, तेही सांगितलं. न सांगता निभावलं असतं. पण संध्याकाळभर पोटात धरलेलं आणखी धरवेना. तो ऐकत होता. मग त्यानं तिच्याकडं बघितलं. जूनमध्ये जे बोलला होता ते त्यानं पुन्हा बोलायची गरज नव्हती.

"बोला," ती म्हणाली. "सांगायला येऊ नको, असं बोलला होता तुमी. मग कुणाला सांगू मी? पोर तुमची पण हाय."

बाळाराम बोटांनी दंडावरची कुसळं काढत राहिला. आतून जनाबाई म्हणाली, "अशा दिवसांत कुठं पाठवतेस तिला, अनिता?"

"अशा दिवसांतच पाठवते, आई. हे दिवस तर आता दर महिन्याला येणार."

 मग बाळाराम उठला, आणि आत जाता जाता म्हणाला, "उद्या खळ्यावर माणसं हायत. मला येता नाय येणार. तू जा तिच्याबरोबर."

सकाळी ती कामावर गेली नाही. किन्हवलीच्या बसमध्ये दर्शना खिडकीशी बसली आणि अनिता तिच्या शेजारी. अनिता चढणाऱ्या प्रत्येक माणसाकडं बघत होती. रोज हेच लोक आपल्या पोरीबरोबर बसतात. हा मफलरवाला, हा दुधाच्या किटल्या घेतलेला पोरगा, खांबाला टेकून डुलक्या घेणारा हा म्हातारा. यांतला वाईट कोण असेल ते तोंडावरून कळत नव्हतं. कालची भीती गेली नव्हती. ती फक्त रात्रीतून अंगात नीट बसली होती, आणि आता ती तिथंच राहणार हे अनिताला समजत होतं. शाळेत एक बाई भेटल्या. अनितानं त्यांना बाजूला घेऊन, नजर न चुकवता, सांगायचं ते सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "बरं केलंत आलात. माझ्याजवळ कापड असतं, तिला सांगून ठेवते."

फाटकाशी दर्शना थांबली. मैदानात मुलं ओळी करत होती, कुणीतरी तिच्याकडं बोट दाखवून दुसऱ्याच्या कानात बोललं. तिनं ते बघितलं. अनितानंही बघितलं, आणि पोरीचा हात धरावा म्हणून तिचा हात आपसूक पुढं झाला.

"तू जा आता आई," दर्शना हळू म्हणाली. "पोरी बघतायत."

ती गेली. स्नेहलच्या मागं ओळीत उभी राहिली, ओळ हलली, आणि इतक्या पांढऱ्या शर्टांत तिची पाठ कुठली ते दिसेना. प्रार्थना सुरू झाली. अनिता फाटकाच्या गजाला धरून ऐकत राहिली. शेकडो आवाज एक होऊन वर चढत होते, आणि त्यांत दर्शनाचा आवाज कुठला, ते तिला ओळखता येत नव्हतं. तिनं डोळे मिटून पुन्हा कान दिला. नाही आला. प्रार्थना संपली, आणि सगळी मुलं आत गेली.